वीस वर्षांचं तेल आणि कपाळावरचे काळे डाग: सुवासाची ॲलर्जी कशी शोधून काढावी

"खाजेर काय तरी दी गो."

देवगड तालुक्यातल्या माझ्या औषधांच्या दुकानात हे वाक्य दिवसातून तीनचार वेळा तरी ऐकू येतं. सत्तावीस वर्षं ऐकतेय. पहिली काही वर्षं मी मागे वळून एक ट्यूब काढून द्यायचे. स्टेरॉइड, जंतुनाशक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली. चार दिवसांत खाज थांबायची, माणूस खूश व्हायचा आणि महिन्याभराने पुन्हा तीच मागायला यायचा. चिठ्ठीशिवाय ती ट्यूब द्यायला नको होती. हे मला उशिरा कळलं. त्या ट्यूबने पातळ झालेली, लाल रेषा उमटलेली कातडी घेऊन फिरणारं कुणी आजही बाजारात समोर आलं की मला फार वाईट वाटतं. आता मी ट्यूबच्या आधी प्रश्न विचारते. तेच प्रश्न इथे लिहितेय, कारण आमच्याकडे त्वचेच्या डॉक्टरांपर्यंत पोचायला बऱ्याचदा लांबचा प्रवास करावा लागतो, आणि तोवर माणूस दुकानातच औषध शोधत असतो.

एका काकूंपासून सुरुवात करते. वय साठीच्या आसपास. कपाळाच्या कडेला, कानांमागे आणि मानेवर काळपट डाग, मधूनमधून खाज. त्यांनी बांगडा सोडला, सुंगटं (कोळंबी) सोडली, वांगं सोडलं, तरी डाग वाढतच होते. मी विचारलं, चेहऱ्याला काय लावता? "तोंडाक काय्येक लावणंय नाय." खरंच होतं ते. त्या लावायच्या केसांना. डोकं थंड ठेवणारं, भरपूर वासाचं तेल, रोज रात्री. मी त्या तेलाचं नाव काढताच म्हणाल्या, "वीस वर्सां ह्याच त्याल लावतंय मी. आताच कसा बाधतला?"

हे उत्तर मला इतक्यांदा मिळालंय की आता मी त्यालाच पुरावा मानते. त्वचेची ॲलर्जी जन्मासोबत येत नाही, ती वापराने जडते. सुवासाचे कण फार बारीक असतात. ते कातडीत शिरतात, तिथल्या प्रथिनांना चिकटतात, आणि एखाद्या दिवशी शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्या जोडगोळीला परकं ठरवतात. ही ओळख पक्की व्हायला कमीत कमी दहापंधरा दिवस लागतात, पण कधी कधी वीस वर्षंही जातात. एकदा पक्की झाली की मात्र बहुधा आयुष्यभर राहते. म्हणून "नवीन काय वापरलं?" एवढंच विचारून भागत नाही. जुनं, आवडीचं, रोजचं काय आहे, ते आधी विचारायचं.

दुसरी फसगत वेळेची. सुवासाची ॲलर्जी लगेच उठत नाही. वस्तू लागल्यावर एक ते तीन दिवसांनी उठते. शनिवारी लग्नाला अत्तर लावून गेलेला माणूस सोमवारी खाजवायला लागतो आणि दोष देतो रविवारच्या माशाला. अंगावर गांधी उठल्या, इकडच्या तिकडे फिरल्या आणि दिवसभरात जिरल्या, तर ते प्रकरण वेगळं, तिथे खाण्याचा किंवा औषधाचा संशय घ्यायला जागा असते. पण एकाच जागी ठाण मांडून बसलेली, बारीक फोड येणारी, पाझरणारी, मग खपली धरून जाडसर होणारी खाज म्हणजे इसब. त्यासाठी मासे सोडायची गरज सहसा नसते.

आधी जागा बघा

खाज कुठे आहे यावरून अर्धं कोडं सुटतं. आरशासमोर, दिवसाच्या उजेडात, घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन बघा.

काखेत खोल, अगदी खोबणीत असेल तर डिओडरंट किंवा पावडर. खोबण मोकळी आणि कडेकडेने, जिथे कपडा घासतो तिथेच असेल, तर कपड्याचा रंग. हा फरक मला एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी शिकवला आणि तो फार उपयोगी पडला. कपाळाची कड, कानांमागे, मानेवर: तेल, शाम्पू, केसांचा रंग. पापण्या: इथली कातडी इतकी पातळ असते की हाताला, केसांना, नखांना लावलेली वस्तूही तिथे उठते, शिवाय अगरबत्ती-धूप-फवारे हवेतून येऊन बसतात. ओठांभोवती: टूथपेस्ट, त्यातही दालचिनी-लवंगेच्या चवीची. कानाच्या पाळीच्या आत: अत्तराचा फाया. आमच्याकडे आखातातून सुट्टीवर आलेला भाचा-पुतण्या अत्तराची कुपी आणतोच, आणि वडीलधारी माणसं फाया कानात ठेवून दिवसभर वावरतात. कपाळाच्या बरोबर मध्ये: कुंकू किंवा टिकली. कुंकवात रंगही असतो आणि सुवासही. टिकलीत मात्र संशय डिंकावर घ्यायचा. टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडला असेल तर ती टिकली त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा.

लाल चट्टा शोधत बसू नका. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. जांभळट, तपकिरी किंवा राखाडी छटा दिसते. बोट फिरवून बघा, खरखरीत किंवा फुगीर लागेल. काही जणांना तर खाज जवळजवळ नसतेच, फक्त चेहरा काळवंडत जातो. जपानमध्ये सत्तरच्या दशकात अशा काळवंडलेल्या चेहऱ्यांचा छडा लावताना सौंदर्यप्रसाधनांतले सुवास आणि रंगच सापडले होते. आपल्याकडे असा चेहरा झाला की लोक गोरं करणारं क्रीम लावतात. त्यातही सुवास असतो, आणि काहींत लपवलेलं स्टेरॉइड किंवा पारा. डाग आणखी गडद होतो.

कड उठलेली, मधून निवळत बाहेर पसरणारी गोल चकंदळं असतील तर ते बहुधा गजकर्ण. आमच्या दमट हवेत, जांघेत आणि कमरेला, पावसाळ्यात हेच जास्त. त्यावर स्टेरॉइडची ट्यूब लावली तर ते आणखी पसरतं. शंका असली तर लावू नका, दाखवा.

मग सगळं ओसरीवर मांडा

हे काम मी प्रत्येकाला करायला लावते. अंगाला, केसांना, कपड्यांना, भांड्यांना, देवाला लागणारी प्रत्येक वस्तू घरातून बाहेर आणायची आणि ओसरीवर मांडायची. साबण, शाम्पू, तेल, पावडर, क्रीम, दाढीचं सामान, डिओ, बाम, कपड्यांचा साबण, कपडे मऊ करणारं द्रावण, भांड्यांचं लिंबाच्या वासाचं द्रावण, फरशीचं फिनेल, अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल, उटणं. काकूंच्या ओसरीवर एकतीस वस्तू निघाल्या. त्यांनी मला तीन सांगितल्या होत्या.

प्रत्येकीची मागची बाजू वाचा, डोळे अधू असतील तर मुलांकडून वाचून घ्या. 'परफ्यूम', 'पर्फम', 'फ्रॅग्रन्स', 'अरोमा' यांपैकी एक शब्द दिसला की ती वस्तू एका बाजूला. या एकेका शब्दामागे पन्नास-शंभर घटकही असू शकतात. युरोपात २००५ पासून सव्वीस सुवासी घटक वेष्टनावर नावानिशी छापावे लागतात, आणि २०२३ मध्ये ती यादी वाढवून ऐंशीच्या वर नेली. म्हणून परदेशातून आलेल्या किंवा निर्यातीच्या मालावर लिनालूल, लिमोनिन, जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, सिट्रल, युजेनॉल, कुमारिन, सिनॅमल अशी नावं सापडतात. ही नावं वहीत उतरवून ठेवा, पुढे तपासणीत कामाला येतात. लायरल या नावाने विकला जाणारा एक घटक तर इतक्या लोकांना बाधला की युरोपने तो २०१९ पासून नव्या मालात आणि २०२१ पासून दुकानांतूनही बंद केला. त्याआधीची परफ्यूमची बाटली कपाटात जपून ठेवली असेल तर ती बाहेर काढा.

'अनसेंटेड' शब्दावर विसंबू नका. मूळ वस्तूचा वास झाकायला त्यात दुसरा सुवास घातलेला असू शकतो. 'फ्रॅग्रन्स-फ्री' लिहिलेलं बघा आणि तरीही घटक वाचा.

आता मला ज्यावर सगळ्यात जास्त बोलावं लागतं ते: "पण हे नैसर्गिक आहे." सुवासाची ॲलर्जी तपासताना दोन ठरलेली मिश्रणं वापरतात. पहिल्यात आठ घटक, दुसऱ्यात सहा. पहिल्यातलं सिनॅमल म्हणजे दालचिनीच्या सालीच्या तेलातला मुख्य घटक. युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलाचा, आणि दालचिनीच्या पानांच्या तेलाचाही. दुसऱ्यातलं सिट्रल म्हणजे गवती चहाचा वास. आपल्या परसातली झाडं त्या यादीत बसलेली आहेत. झाड निसर्गाचं की कारखान्याचं हे कातडीला कळत नाही, तिला फक्त कण कळतो. याचा अर्थ गवती चहा पिऊ नका किंवा मसाल्यात दालचिनी घालू नका असा नाही. खाणं बहुतेकांना बाधत नाही. पण याच झाडांचं काढलेलं तेल मालिशमध्ये, बाममध्ये, घरी केलेल्या साबणात घालून अंगाला चोळणं वेगळं. गेल्या काही वर्षांत इथे घरगुती साबण-तेलांचे बचतगट उभे राहिलेत, बायका मेहनतीने माल करतात, त्याचा मला अभिमान आहे. त्यांना माझं एकच मागणं असतं: प्रत्येक मालाचा एक प्रकार बिनवासाचा ठेवा आणि घटक स्पष्ट छापा.

जुन्या बाटलीबद्दलही सांगायला हवं. लिनालूल आणि लिमोनिन हे घटक ताजे असताना फारसे त्रासदायक नसतात. हवा लागून महिनोनमहिने पडले की त्यांचं रूप बदलतं आणि ते बदललेलं रूप ॲलर्जी जडवतं. झाकण सैल असलेली, खिडकीत ऊन खात पडलेली बाटली टाकून द्या.

महिनाभर सुट्टी

सुवास असलेल्या सगळ्या वस्तूंना चार ते सहा आठवडे सुट्टी द्या. एकेक करून बंद करू नका, तसं केलं तर काहीच कळत नाही, कारण तोच घटक साबणात, तेलात आणि पावडरीत एकाच वेळी असतो. या काळात अंगाला बिनवासाचा सौम्य साबण, तोही जिथे मळ आहे तिथेच. केसांना आणि अंगाला घाण्यावरचं साधं खोबरेल. भेगांना भिरंडेल, आपलं कोकमाचं तेल, काही न मिसळलेलं. किंवा साधी पेट्रोलियम जेली. कपड्यांना बिनवासाचा साबण, आणि एकदा जास्त पाण्यात खळबळणं. खाज फार असेल तर थंड पाण्यात भिजवून पिळलेलं मऊ सुती फडकं दहापंधरा मिनिटं ठेवा. स्टेरॉइडचं मलम लागतं कधी कधी, ते वाईट नाही, पण किती ताकदीचं, कुठे आणि किती दिवस हे डॉक्टरांनी ठरवायचं.

घरातल्या इतरांनाही सांगा. नातवाच्या अंगावरचा डिओ आजीच्या गालाला लागतो, नवऱ्याचं दाढीनंतरचं लोशन बायकोच्या मानेवर उठतं. हे मी पाहिलंय.

खाज दोन-तीन आठवड्यांत निवते. काळा डाग मात्र महिनोनमहिने रेंगाळतो, म्हणून डाग गेला नाही याचा अर्थ उपाय फसला असा घेऊ नका. नवीन खाज, नवीन फोड येणं थांबलं का, हे बघा.

कातडी पूर्ण शांत झाली की एकेक वस्तू कोपरावर तपासता येते. कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या दोन नाण्यांएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, तीच वस्तू, तीच जागा, दोन आठवडे. खाज किंवा पुरळ उठलं की लगेच थांबवा. अंगावर राहणाऱ्या वस्तूंसाठीच हे आहे: क्रीम, लोशन, तेल. साबण, शाम्पू, भांड्यांचं द्रावण अशा धुऊन टाकायच्या वस्तू असं लावून ठेवल्या तर निरोगी कातडीही भाजते. शुद्ध सुवासी तेल आणि केसांचा रंग तर कधीच नाही.

पाठीवरची तपासणी

एवढं करून उलगडा झाला नाही, किंवा पोटापाण्याचा प्रश्न असेल, तर पॅच टेस्ट करून घ्या. वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांत आणि काही खासगी तज्ज्ञांकडे होते. जाण्याआधी फोन करून विचारा, सगळीकडे होत नाही. पाठीच्या वरच्या भागावर छोट्या वाट्यांतून वेगवेगळे पदार्थ चिकटपट्टीने लावतात, भारतासाठी ठरवलेला एक संचच आहे. त्यात सुवासाचं मिश्रण असतं आणि पेरूचा बाल्सम नावाचा डिंकही, जो खरं तर एल साल्वाडोरमधून येतो. पट्ट्या ४८ तासांनी काढतात, तेव्हा एकदा बघतात आणि मग साधारण ९६ तासांनी पुन्हा. दुसऱ्यांदा बघणं चुकवू नका, सुवासाची खूण बऱ्याचदा तेव्हाच उमटते. सोमवारी लावली तर बुधवारी आणि शुक्रवारी जावं लागतं. म्हणून कोल्हापूरला किंवा गोव्यात नातेवाईक असतील तर आठवडाभर तिकडेच राहायची सोय बघा.

पाठीला पाणी नको, घाम नको. वैशाखात आमच्याकडे पट्टी दुपारपर्यंतही टिकणार नाही. मार्गशीर्ष ते माघ हा काळ बरा. पाठीवर आठवडाभर आधीपासून स्टेरॉइडचं मलम नको, आणि स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. गर्भवतींची ही तपासणी सहसा बाळंतपणानंतरवर ढकलतात, तोवर सुवास टाळणं पुरतं. आपल्या वस्तू आणि ती वही सोबत न्या.

रक्त काढून ढीगभर पदार्थांची ॲलर्जी सांगणारी जी तपासणी असते, ती या आजाराला लागू पडत नाही. ती दुसऱ्या जातीची ॲलर्जी मोजते. त्या अहवालाच्या आधारे अंडं, दूध, मासे सोडून बसलेली माणसं माझ्याकडे येतात. त्यांचे पैसे गेलेले असतात, जेवण गेलेलं असतं, खाज तशीच असते.

कोणाला काय जपायचं

बाजारात मासे विकणाऱ्या आणि कापणाऱ्या बायका मला सगळ्यात जास्त काळजीच्या वाटतात. बर्फ, मीठ, पाणी यांत दिवसभर हात. आधी कातडी नुसती सोलवटते, ती ॲलर्जी नसते. पण सोललेल्या कातडीतून बाकी सगळं आत शिरतं. घरी गेल्यावर माशाचा वास घालवायला त्या लिंबाच्या वासाचा भांड्यांचा साबण हाताला घासतात, आणि तिथेच सुवासाची ॲलर्जी जडायला वाट मिळते. लिंबू चोळून उन्हात गेलं तर त्या जागी भाजल्यासारखे डागही उठतात. बिनवासाचा साबण, कोमट पाणी, आणि ओलसर हातावरच खोबरेल. वास थोडा राहील, राहू दे. हातमोजे घातले तर आत पातळ सुती मोजे, कारण रबराचीही ॲलर्जी असते.

आंब्या-काजूच्या दिवसांत जे येतं ते वेगळं. झेल्याने आंबे काढताना देठाचा चीक उडतो, काजूच्या टरफलातलं तेल हात जाळतं. हा सुवासाचा दोष नव्हे, पण लोक त्यावर वासाचा बाम लावतात, मग दोन इसब एकावर एक. बिब्बा तर लावूच नका. आंबा, काजू, बिब्बा एकाच कुळातले, ज्याला एक बाधतो त्याला दुसरा बाधण्याची शक्यता मोठी. चीक उडाला की लगेच साबण-पाण्याने धुवा.

पार्लर चालवणाऱ्या मुली: लग्नसराईत हात फुटतात आणि गणपतीच्या सुट्टीत बरे होतात, असं होत असेल तर दोष कामाचा आहे. फेशियलची सुवासी तेलं, शाम्पू, आणि सगळ्यात जास्त केसांचा रंग. नायट्रिलचे हातमोजे वापरा, रबराच्या पातळ मोज्यांतून रंग आरपार जातो. जत्रेतली झटपट काळी होणारी मेंदी म्हणजे बऱ्याचदा तोच केसांचा रंग. लेकरांच्या हातावर ती काढू देऊ नका, एकदा जडलेली ॲलर्जी पुढे केस रंगवताना चेहरा सुजवते.

तान्ह्या बाळाला वास लागत नाही. वास आपल्याला हवा असतो. ज्या घरात दमा, सतत शिंका, इसब आहे त्या घरातल्या बाळाला तर सुवासी तेल, पावडर, ओले पुसणे (वेट वाइप्स) नकोतच. दिवाळीचं उटणंही नको, नुसतं खोबरेल आणि कोमट पाणी.

म्हाताऱ्या माणसांचे पाय बघा. शिरा फुगलेल्या पायावर, जखमेभोवती, बाम आणि वासाची मलमं चोळली जातात. अशा कातडीला ॲलर्जी फार पटकन जडते, आणि मग जखम भरत नाही म्हणून आणखी बाम. गुडघा दुखतो तर गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवा, फार गरम नको, आणि मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर तीही नको. पायाच्या जखमेला डॉक्टर सांगतील तेवढंच.

पुरुष या आजाराबद्दल बोलत नाहीत. काखेतली खाज दोन-दोन वर्षं लपवतात आणि वास येऊ नये म्हणून डिओ आणखी मारतात. दिवसातून दोनदा आंघोळ, सुती बनियन, डिओ कपड्यावर नाही की अंगावर नाही.

डोळे सुजून मिटले, पुरळ अंगभर पसरलं, ताप आला, पू झाला तर घरचे प्रयोग थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. ओठ-जीभ सुजून श्वास अडकला तर १०८ ला फोन.

काकूंचं तेल बंद झालं त्याला आता दीड वर्ष होईल. खाज तीन आठवड्यांत गेली, मानेवरचे डाग पहिल्या पावसापर्यंत फिकटले, कपाळाचे अजून थोडे आहेत. फाल्गुनात वेंगुर्ल्याकडून सुरंगीचे वळेसर, म्हणजे गजरे, आले तेव्हा त्या दुकानात आल्या आणि विचारलं, ह्या माळू की नको? मी म्हटलं, अंबाड्यावर उंच माळा, मानेला लागता नये, संध्याकाळी काढून ठेवा, आणि तीन दिवस कानांमागे बघा. चौथ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. दुकानाच्या दारातच मान वळवून, पदर बाजूला करून त्यांनी मला कानांमागची जागा दाखवली. स्वच्छ होती. अंबाड्यात नवा वळेसर होता.